पहिल्या ओळीतला दुभाष्या

युनिक्सच्या इतिहासातील एका ओळीविषयी हा धागा आहे. ओळ लहान आहे. तिच्या आरंभी दोनच चिन्हे असतात, हॅश आणि उद्गारचिन्ह: #!. धागा मात्र लांबणार आहे.

आरंभ अस्सल साधनापासून करावा. साधन म्हणजे एक ई-मेल, डेनिस रिची यांचा. तारीख गुरुवार, १० जानेवारी १९८०. न्यू जर्सीतील मरे हिल येथे बेल प्रयोगशाळेत 'रिसर्च' नावाचे एक यंत्र होते. त्यावरून तो निघाला तेव्हा पहाटेचे ४ वाजून २५ मिनिटे झाली होती. त्याच ई-मेलच्या माथ्यावर दुसराही एक काळाचा शिक्का आहे आणि तो १ वाजून ३७ मिनिटांचा आहे. पोहोचण्याची वेळ निघण्याच्या वेळेच्या आधीची दिसली, की दस्तऐवज बनावट आहे की काय अशी शंका पुराभिलेखाच्या अभ्यासकाला आधी येते. येथे तिचे निरसन सोपे आहे. अमेरिकेच्या पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांच्या घड्याळांत तीन तासांचे अंतर आहे. म्हणजे पत्र पश्चिम किनाऱ्यावरच्या यंत्रात अवघ्या बारा मिनिटांत उतरले. तेव्हाचे युनिक्सचे टपाल एका यंत्राने दुसऱ्याला टेलिफोन लावून पोहोचवले जाई. त्या मानाने ही गती उत्तमच म्हणावी लागेल.

पत्राचा आशय थोडक्यात असा. प्रणालीत एक बदल केला आहे. चालवायला दिलेल्या फाइलीची सुरुवात #! या दोन चिन्हांनी होत असेल, तर त्या ओळीचा उरलेला भाग म्हणजे ती फाइल वाचून अमलात आणणाऱ्या प्रोग्रॅमचे नाव, असे प्रणाली समजेल. या प्रोग्रॅमला इंटरप्रिटर म्हणतात. मराठीत त्याला दुभाष्या म्हणण्यास हरकत नसावी: फाइलीतला मजकूर यंत्राला स्वतःहून कळत नाही, तो समजावून सांगणारा कोणीतरी मध्ये लागतो. जुन्या पत्रांत मायना पाहिला, की कागद कोणाच्या हाती जायचा हे जसे कळते, तसेच हे काम. मात्र पत्राचा मायना वाचणारा माणूस असतो. या ओळीचा वाचक कर्नेल आहे, म्हणजे प्रणालीचा सर्वांत आतला गाभा. इतिहासाच्या दृष्टीने या बदलाचे सारे महत्त्व त्या गाभ्यात आहे.

कारण १९८० पूर्वी कर्नेलला एकाच प्रकारची फाइल चालवता येत असे: यंत्रभाषेत रूपांतरित झालेली. ती ओळखायची कशी? फाइलीच्या पहिल्या दोन बाइटांत एक ठरावीक संख्या असे. अष्टमान पद्धतीत ती ०४०७. अशा संख्येला मॅजिक नंबर म्हणण्याची प्रथा पडली, परंतु तिच्यात जादू काहीच नव्हती. पीडीपी-११ या यंत्राच्या भाषेत ०४०७ ही एक खरीखुरी आज्ञा आहे. तिचा अर्थ 'पुढचे सात शब्द ओलांडून जा' असा होतो. फाइलीच्या माथ्यावर आठ शब्दांची, म्हणजे सोळा बाइटांची नोंद असे. तिच्यातला पहिला शब्द ही आज्ञा. उरलेले सात ओलांडले की खरा प्रोग्रॅम सुरू. फाइल जशीच्या तशी स्मृतीत चढवून पहिल्या शब्दापासून चालवली तरी यंत्र अडखळू नये, यासाठी केलेली ही सोय पुढे ओळखखूण होऊन बसली. सोयीची खूण पुढे नियम होते, हे या इतिहासात वारंवार दिसेल.

मग मजकुराच्या स्वरूपातल्या स्क्रिप्ट तेव्हा चालत कशा? शेलच्या कृपेने. शेल म्हणजे वापरकर्त्याच्या आज्ञा ऐकणारा प्रोग्रॅम. वापरकर्त्याने फाइलीचे नाव टंकले की शेल ती फाइल कर्नेलपुढे ठेवी. कर्नेल पहिले दोन बाइट पाही, ओळखीची संख्या सापडली नाही की फाइल परत करी: हिचे स्वरूप चालवण्याजोगे नाही. शेल मात्र हार मानत नसे. फाइलीला चालवण्याची परवानगी आहे आणि कर्नेलला ती कळत नाही, म्हणजे हा आपल्याच भाषेतला मजकूर असणार, असे गृहीत धरून ती फाइल तो स्वतः वाचू लागे. हे गृहीत शेलचे होते, प्रणालीचे नव्हे. दुसऱ्या एखाद्या प्रोग्रॅमने तीच फाइल थेट कर्नेलला दिली तर नकारच मिळे. टंकून चालते आणि प्रोग्रॅममधून चालत नाही, ही विसंगती तेव्हापासूनची आहे. आजही पहिली ओळ न लिहिलेली स्क्रिप्ट टर्मिनलवर बिनतक्रार चालते आणि पायथॉनमधून बोलावली की 'एक्झेक फॉरमॅट एरर' देऊन थांबते.

शेल एकच होता तोवर हे गृहीत खपून गेले. १९७९ च्या सातव्या आवृत्तीत स्टीफन बोर्न यांचा नवा शेल आला. तिकडे कॅलिफोर्नियात, बर्कली विद्यापीठात, बिल जॉय यांनी सी-शेल लिहिला होता. दोघांची भाषा वेगळी. आता एखादी स्क्रिप्ट कोणत्या शेलच्या भाषेत आहे हे ओळखायचे कसे? बर्कलीकरांनी एक युक्ती काढली. सी-शेलमध्ये हॅश हे टिप्पणीचे चिन्ह होते. बोर्न यांच्या शेलच्या जुन्या स्क्रिप्टांत टिप्पणीसाठी विसर्गासारखे दिसणारे अपूर्णविरामाचे चिन्ह वापरण्याचा प्रघात होता. म्हणून फाइलीचे पहिले अक्षर हॅश असेल तर ती सी-शेलची, एरवी बोर्नची. खुणेने जात ओळखण्याचाच हा प्रकार. दोनच जाती असेपर्यंत पुरणारा. रिची यांच्या दोन चिन्हांपैकी पहिले चिन्ह या वातावरणातून आले, असे मानण्यास भरपूर जागा आहे.

रिची यांनी पत्रात बदलाचे पाच लाभ सांगितले. पैकी एक या धाग्यात पुढे खलनायक म्हणून परत येणार आहे, म्हणून पाचही पाहून घ्यावेत. स्क्रिप्ट आता खऱ्या प्रोग्रॅमच्या पंक्तीला बसेल, कोणताही प्रोग्रॅम तिला थेट चालवू शकेल. चालू कामांच्या यादीत तिचे स्वतःचे नाव दिसेल. आजवर तिथे नुसते शेलचे नाव दिसे, आणि यंत्रवापराचा हिशेबही शेलच्याच नावावर चढे. (एका यंत्रावर अनेकांनी काम करण्याचा तो काळ, कोणत्या कामाने किती वेळ खाल्ला हा प्रश्न तेव्हा शोभेचा नव्हता.) तिसरा लाभ, स्क्रिप्टला सेट-युजर-आयडी हा विशेषाधिकार देता येईल. चौथा, बर्कलीचा सी-शेल ज्यांना आवडतो त्यांच्यासाठी वाद मिटेल. पाचवा, इतर इंटरप्रिटरांनाही सहज जागा मिळेल. पाचवा लाभ सर्वांत कमी शब्दांत सांगितला आहे, आणि काळाने सर्वांत मोठा तोच ठरवला. पर्ल, पायथॉन, रूबी या भाषा त्या दिवशी अस्तित्वातही नव्हत्या.

यंत्रणा चालते कशी, ते येथे सांगितले पाहिजे. त्याशिवाय पुढचे तंटे समजणार नाहीत. समजा, 'यादी' नावाच्या फाइलीची पहिली ओळ #!/बिन/एसएच अशी आहे, आणि कोणी 'यादी पुणे' अशी आज्ञा दिली. कर्नेल फाइल उघडतो, पहिले दोन बाइट पाहतो. हॅश आणि उद्गारचिन्ह दिसताच तो यादी चालवण्याचा विचार सोडतो आणि तिच्याऐवजी /बिन/एसएच हा प्रोग्रॅम चालू करतो. त्या प्रोग्रॅमच्या हाती तो दोन गोष्टी देतो: आधी 'यादी' हे नाव, मग 'पुणे'. इंटरप्रिटरच्या नावापुढे त्याच ओळीत आणखी काही लिहिलेले असेल तर ते या दोहोंच्या आधी जाते. कर्नेलचे काम इतकेच.

यात एक बारकावा लपला आहे. कर्नेल इंटरप्रिटरला फाइल देत नाही, फाइलीचे नाव देतो. इंटरप्रिटर त्या नावाची फाइल नव्याने उघडतो आणि पहिल्या अक्षरापासून वाचतो. म्हणजे #! ची ओळ त्याच्याही नजरेस पडते, आणि तिच्याकडे त्याने दुर्लक्ष करणे आवश्यक असते. शेलमध्ये आणि पर्लमध्ये हॅशने सुरू होणारी ओळ टिप्पणी मानली जाते, त्यामुळे प्रश्न येत नाही. एकच ओळ दोघे वाचतात. एकाला ती आदेश वाटते, दुसऱ्याला निरर्थक. दोन चिन्हांची निवड किती नेमकी होती हे येथे दिसते. ज्या भाषांत हॅशची टिप्पणी नाही त्यांना पुढे खास सोय करावी लागली. लुआ हॅशने सुरू होणारी पहिली ओळ मुकाट्याने गाळते. आज्ञावलीतून चालवलेले पीएचपीही तेच करते.

श्रेय कोणाचे? प्रघात असा, की ज्याचे पत्र सापडले त्याचे नाव लागते. रिची यांनी स्वतः ते नाकारले होते. पुढे एकदा विचारणा झाली तेव्हा त्यांनी सांगितले, की ही कल्पना बर्कलीतील युनिक्सविषयक एका परिषदेत कोणाकडून तरी ऐकली असावी. ती प्रत्यक्ष बसवणाऱ्या पहिल्या काहींपैकी आपण असू, परंतु कल्पना दुसरीकडून घेतलेली. तिला काही लाडके नाव दिल्याचेही त्यांना आठवत नव्हते. आज रूढ असलेले 'शिबँग' हे नाव मागाहून आले. संस्थापकाची मूर्ती घडवू पाहणाऱ्यांना हा कबुलीजबाब गैरसोयीचा वाटतो. इतिहासाच्या विद्यार्थ्याला तो पत्राइतकाच मोलाचा वाटावा, कारण पूर्व किनाऱ्यावरची प्रयोगशाळा आणि पश्चिम किनाऱ्यावरचे विद्यापीठ यांच्यात कल्पनांची ये-जा कशी चाले, याचा तो पुरावा आहे. कल्पना पश्चिमेकडून आली, पूर्वेला बांधली गेली, आणि बारा मिनिटांत पत्ररूपाने पश्चिमेला परतली.

तिचा पुढचा प्रवास मात्र बारा मिनिटांचा नव्हता. बर्कलीच्या युनिक्सने ती १९८० च्या दशकाच्या आरंभीच आत्मसात केली. बेल प्रयोगशाळेच्या संशोधन-विभागाची आठवी आवृत्ती १९८५ ची. तिच्यात ती होती. परंतु त्याच कंपनीचे बाजारात विकले जाणारे युनिक्स, सिस्टिम फाइव्ह, तिच्यावाचून राहिले. १९८८ च्या चौथ्या प्रकाशनात ती तेथे अवतरली. एका घराच्या माडीवर लागलेला दिवा त्याच घराच्या ओसरीवर यायला आठ वर्षे लागली. या काळात ज्यांना दोन्हीकडे चालणारी स्क्रिप्ट लिहायची असे, त्यांना नाना क्लृप्त्या कराव्या लागत. लॅरी वॉल यांच्या पर्लमध्ये (पहिली आवृत्ती १९८७) त्या काळाचे जीवाश्म अजून सापडते: #! च्या ओळीत 'पर्ल' हा शब्द नसेल तर पर्ल स्वतःच त्या ओळीत नमूद केलेला प्रोग्रॅम चालवून मोकळा होतो. कर्नेलला जे काम येत नव्हते ते दुभाष्यानेच अंगावर घेतले.

लिनक्समध्ये ही सोय १९९१ मध्येच, प्रणाली अगदी तान्ही असताना आली. त्या वेळच्या मूळ संहितेत एक टीप आहे, तीनुसार #! ची तपासणी थिओडोर त्सो यांनी बसवली.

आता तिसऱ्या लाभाकडे. सेट-युजर-आयडी म्हणजे काय? साधारणतः प्रोग्रॅम तो चालवणाऱ्याच्या अधिकाराने चालतो. हे चिन्ह लावले की तो फाइलीच्या मालकाच्या अधिकाराने चालतो. संकेतशब्द बदलणारा प्रोग्रॅम याचे नेहमीचे उदाहरण: सामान्य वापरकर्ता तो चालवतो, पण प्रोग्रॅमला ज्या फाइलीत बदल करायचा ती फक्त प्रशासकाची असते. ही कल्पनाही रिची यांचीच, आणि तिचे अमेरिकन पेटंट १९७९ च्या जानेवारीत त्यांच्या नावे मंजूर झाले होते. वर्षभरात त्यांनी ती सुविधा स्क्रिप्टांनाही देऊ केली. स्वतःच्या दोन निर्मिती एकत्र आणण्याचा आनंद त्यांना झाला असेल, तर त्यात नवल नाही.

परंतु वरचा बारकावा आठवावा: फाइल दोनदा उघडली जाते. पहिल्यांदा कर्नेल उघडतो, विशेषाधिकार पाहतो आणि इंटरप्रिटरला ते अधिकार देतो. दुसऱ्यांदा इंटरप्रिटर त्याच नावाने फाइल उघडतो. या दोन क्षणांच्या मध्ये नावामागची वस्तू बदलली तर? युनिक्समध्ये एका फाइलीकडे बोट दाखवणारा दुवा कोणालाही तयार करता येतो. हल्लेखोर प्रशासकाच्या स्क्रिप्टकडे जाणारा दुवा करी, दुव्याच्या नावाने ती चालवी, आणि कर्नेलने अधिकार बहाल केल्यावर पण इंटरप्रिटरने फाइल उघडण्याआधी तो दुवा स्वतःच्या फाइलीकडे वळवी. दरवाजावर ओळखपत्र दाखवणारा एक आणि आत शिरणारा दुसराच. फट क्षणाच्याही अंशाची असे, पण प्रयत्न कितीही वेळा करता येत, आणि यंत्रावर मुद्दाम भार टाकून ती रुंदही करता येई.

दुसरा हल्ला तर इतका साधा होता, की वाचून हसू यावे. कर्नेल स्क्रिप्टचे नाव शेलच्या हाती देतो. मग नावच जर उणेचिन्ह आणि पुढे 'आय' असे ठेवले तर? शेलला ते फाइलीचे नाव न वाटता 'थेट संवाद सुरू कर' अशी सूचना वाटे. एक दुवा त्या नावाने तयार केला की प्रशासकाच्या अधिकाराचा जिवंत शेल समोर उभा. जुन्या स्क्रिप्टांच्या पहिल्या ओळीत शेवटी एकटेच उणेचिन्ह दिसते ते या हल्ल्यावरचा तोडगा आहे: यापुढे सूचना नाहीत, जे येईल ते नावच समज. आज ते चिन्ह अनेक जण अर्थ न कळता नकलत असतात.

सोलारिससारख्या प्रणालींनी पहिल्या फटीवर चांगला उपाय काढला. कर्नेलने नाव देण्याऐवजी उघडलेल्या फाइलीचा क्रमांक द्यावा, म्हणजे वस्तू बदलण्यास वावच राहत नाही. लिनक्सने दुसरा मार्ग धरला: स्क्रिप्टवर हे चिन्ह असले तरी त्याकडे सरळ दुर्लक्ष. पर्लने त्यासाठी वेगळा मदतनीस प्रोग्रॅम बाळगला होता. तोही २०१० च्या ५.१२ या आवृत्तीत काढून टाकला गेला. रिची यांचा तिसरा लाभ आज बहुतेकांना ऐकूनही माहीत नसतो.

दुसरा तंटा लांबीचा. पत्रात रिची यांनी सांगितले होते, की तूर्त ही ओळ सोळा अक्षरांची असावी, मर्यादा पुढे वाढवली जाईल. सोळाच का? यंत्रभाषेतल्या फाइलीच्या माथ्यावरची नोंद सोळा बाइटांची होती हे वर आलेच आहे. कर्नेल एवढा भाग आधी वाचून फाइलीची परीक्षा करी, तेव्हा संख्या तिथूनच आली असावी. बर्कलीच्या युनिक्समध्ये ती नोंद बत्तीस बाइटांची, आणि तेथे ओळीची मर्यादाही बत्तीस. लिनक्समध्ये मर्यादा दीर्घकाळ १२८ बाइटांची राहिली. ओळ त्याहून लांब असली तर कर्नेल उरलेला भाग काहीही न बोलता तोडून टाकी.

यातून २०१९ च्या आरंभी एक छोटा पेच उद्भवला. अर्धवट तुटलेल्या वाटेवरून भलताच प्रोग्रॅम चालू होऊ शकतो, ही भीती रास्त होती. म्हणून लिनक्सच्या ५.० या आवृत्तीच्या तयारीत असा बदल केला गेला, की ओळ तुटत असेल तर फाइल चालवायचीच नाही. बदल दिसायला निर्दोष. तो जुन्या, स्थिर आवृत्त्यांतही उतरवला गेला, आणि निक्सओएस ही प्रणाली वापरणाऱ्यांच्या पर्ल स्क्रिप्ट बंद पडल्या. निक्सओएसमध्ये प्रत्येक प्रोग्रॅमच्या वाटेत बत्तीस अक्षरांची सांकेतिक खूण असते, त्यामुळे वाटा लांबलचक होतात, आणि अशा अनेक वाटा पर्लच्या पहिल्या ओळीत एकामागून एक लिहिलेल्या होत्या. कर्नेल ती ओळ नेहमीच तोडत आला होता. मग आजवर चालत कसे होते? कारण पर्ल पहिली ओळ स्वतः पुन्हा वाचतो आणि कर्नेलने गाळलेल्या सूचना तिथून उचलतो. १९८० च्या दशकातले ते जीवाश्म आठवावे. ते मेलेले नव्हते. कर्नेलच्या चुकीवर दुभाष्या पांघरूण घालत होता आणि दोघांपैकी कोणाच्याही हे लक्षात नव्हते. वापरकर्त्यांचे चालते काम मोडायचे नाही या लिनस टॉरवाल्ड्स यांच्या जुन्या दंडकानुसार बदल मागे घेतला गेला. मागाहून सुधारित नियम आला: इंटरप्रिटरची वाट तुटत असेल तर नकार, त्यापुढच्या सूचना तुटत असतील तर चालू द्यावे. ५.१ मध्ये मर्यादा २५६ झाली.

तिसरा तंटा पत्त्याचा, आणि रोजच्या वापरात सर्वांत त्रासदायक तोच. रिची यांनी पूर्ण वाट लिहायला सांगितली होती, कारण कर्नेल शोध घेत नाही. शेल वेगवेगळ्या ठिकाणी प्रोग्रॅम शोधतो. कर्नेलला ती विद्या नाही. एका यंत्रावर पायथॉन एका जागी, दुसऱ्यावर दुसऱ्या जागी असले, की पहिली ओळ खोटी ठरते. तोडगा म्हणून लोकांनी 'एन्व्ह' नावाचा प्रोग्रॅम पुढे केला. त्याचे मूळ काम वेगळेच: बदललेल्या वातावरणात दुसरा प्रोग्रॅम चालवणे. परंतु ते करताना तो दुसऱ्या प्रोग्रॅमचा शोध घेतो, आणि बहुतेक यंत्रांवर स्वतः एकाच ठिकाणी, /यूएसआर/बिन/एन्व्ह येथे सापडतो. दुभाष्याचे घर माहीत नसेल तर त्याला ओळखणाऱ्या शेजाऱ्याच्या पत्त्यावर पत्र पाठवावे, तसे हे. मात्र लिनक्स इंटरप्रिटरच्या नावापुढचा सर्व मजकूर एकच सूचना म्हणून देतो, रिकाम्या जागांसह. त्यामुळे 'पायथॉन' आणि त्यापुढे एखादी सूचना लिहिली, की एन्व्ह दोन्ही शब्द मिळून बनलेल्या नावाचा प्रोग्रॅम शोधत बसतो. ते तुकडे करण्याची सोय लिनक्सवरच्या एन्व्हला २०१८ मध्ये मिळाली.

पत्ता बरोबर असूनही घरातला माणूस बदलू शकतो. २००६ च्या ऑक्टोबरात उबुंटूने ६.१० या आवृत्तीत /बिन/एसएच या नावामागे बॅशऐवजी डॅश हा हलका आणि चपळ शेल बसवला. ओळ तीच, पण बॅशच्या खास लकबी वापरणाऱ्या असंख्य स्क्रिप्ट अडखळल्या. दोष उबुंटूचा म्हणावा का? पहिल्या ओळीत 'एसएच' लिहून आत बॅशची भाषा बोलणाऱ्यांनी मायना एकाच्या नावे आणि मजकूर दुसऱ्यासाठी लिहिला होता; निवाडा करायचा तर तो उबुंटूच्या बाजूने द्यावा लागतो. २०१० मध्ये आर्च लिनक्सने 'पायथॉन' या नावामागे तिसरी आवृत्ती बसवली तेव्हाची गोष्ट निराळी. दुसऱ्या आवृत्तीसाठी लिहिलेल्या स्क्रिप्टांचे लेखक प्रामाणिक होते. नावाचा अर्थच पायाखालून सरकला. पुढच्याच वर्षी पायथॉनच्या मंडळींना या नावांविषयी लेखी संकेत ठरवावा लागला.

काही अडथळे डोळ्यांना दिसतही नाहीत. विंडोजवर लिहिलेल्या फाइलीत प्रत्येक ओळीच्या शेवटी एक जादा अदृश्य चिन्ह असते. युनिक्सचा कर्नेल ते इंटरप्रिटरच्या नावाचाच भाग समजतो, त्या विचित्र नावाचा प्रोग्रॅम त्याला सापडत नाही, आणि फाइल डोळ्यांसमोर असताना 'फाइल नाही' असा निरोप येतो.

दुसरा अदृश्य अडथळा मराठीत लिहिणाऱ्यांच्या वाट्याला अधिक येतो. स्क्रिप्टमध्ये देवनागरी टिप्पणी किंवा मजकूर असला तर फाइल यूटीएफ-८ मध्ये साठवावी लागते. विंडोजचे नोटपॅड २०१९ पर्यंत अशा फाइलीच्या अगदी आरंभी तीन बाइटांची एक अदृश्य खूण घाली. मग कर्नेलला पहिल्या दोन बाइटांत हॅश आणि उद्गारचिन्ह दिसत नाही. तो फाइल नाकारतो, आणि १९७० च्या दशकातले ते जुने गृहीत पुन्हा जागे होते: ही आपल्याच भाषेतली असणार, असे म्हणत शेल पायथॉनचा मजकूर वाचू लागतो. पायथॉनच्या स्क्रिप्ट बहुधा 'इम्पोर्ट' या शब्दाने सुरू होतात. यंत्रावर इमेजमॅजिक असेल तर त्या नावाचा एक प्रोग्रॅम तेथे खरोखरच असतो, आणि तो पडद्याचे छायाचित्र घेतो. माउसचा बाण अचानक अधिकचिन्हासारखा का झाला, हे त्या वापरकर्त्याला कोणत्याही पाठ्यपुस्तकात सापडणार नाही.

शेवटी एका दंतकथेची चौकशी. उद्गारचिन्हानंतर एक जागा सोडावी, असे अनेक जुने मार्गदर्शक सांगत. कारण असे दिले जाई, की ४.२ बीएसडी आणि तिच्यापासून निघालेल्या काही प्रणाली हॅश, उद्गारचिन्ह, रिकामी जागा आणि तिरकी रेघ अशी चार चिन्हे मिळून ओळखखूण मानतात. ऑटोकॉन्फ या साधनाच्या माहितीपुस्तकात हे विधान होते, म्हणून ते सर्वत्र पसरले. ४.२ बीएसडीची मूळ संहिता उपलब्ध आहे. ती उघडून पाहिली तर कर्नेल दोनच चिन्हे तपासतो आणि पुढच्या रिकाम्या जागा ओलांडतो. रिची यांच्या १९८० च्या पत्रातही जागा सोडली तरी चालेल असेच आहे, सोडावीच असे नाही. दुय्यम साधनावरून दुय्यम साधन, त्यावरून तिसरे, असा हा नेहमीचा प्रवास. बखरींच्या अभ्यासकांना तो नवा नाही. फरक एवढाच, की येथे अस्सल कागद कोणालाही उघडून वाचता येत होता.

इतकी रूढ झालेली ही ओळ पॉझिक्स या अधिकृत मानकाने मात्र अद्याप मान्य केलेली नाही: शेल-स्क्रिप्टची पहिली ओळ #! ने सुरू झाली तर काय घडेल ते अनिर्दिष्ट आहे, असे ते मानक म्हणते. जावास्क्रिप्टच्या मानकाने तेवढा संकोच ठेवला नाही. त्या भाषेत हॅशची टिप्पणी नसल्यामुळे तिची इंजिने ही ओळ आपापल्या परीने गाळत होती. २०२३ च्या आवृत्तीत तिला भाषेच्या व्याकरणातच स्थान देण्यात आले, आणि ते फाइलीच्या पहिल्या दोन अक्षरांपुरतेच. ओळीच्या आधी एक रिकामी जागा पडली, तरी ती व्याकरणदोष ठरते.